अँपमधून दर सेकंदाला 'टक' येऊन राहिलं, हम् वेगळाच! बेसवाल्यांनो, मदत करा

बेसवाला_दारव्हा (14 डिसेंबर, रात्री 11:20)

जय भीम, नमस्कार मंडळी.

दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो, गावच्या भीमगीतांच्या पार्टीत बेस गिटार वाजवतो. बेस जॅझ टाइपचा आहे, दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारे, एकेका गुंडाळीचे चुंबक), दोन व्हॉल्यूम, एक टोन. नागपूरहून सेकंडहँड आणला. अँप 40 वॅटचा. 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचा कार्यक्रम शाळेच्या पटांगणात आहे आणि गाण्याच्या मधल्या जागेत लोकांना बेसपेक्षा माझा 'हूंऽऽ' जास्त ऐकू येते.

त्रास तीन तऱ्हेचा आहे. एक म्हणजे हा हूं, चोवीस तास. तारांना हात लावला की कमी होतो. दुसरा, पंखा दोन-तीनवर ठेवला की करकर. पाचवर केला की करकर बंद. तिसऱ्याने डोकं खाल्लं आहे. 'टक... टक... टक', घड्याळासारखं, सेकंदाला एक. बेसचा व्हॉल्यूम झिरो केला तरी येते. दिवसा नाही, संध्याकाळी सात-साडेसातनंतर सुरू होते ते पहाटेपर्यंत. मित्राचा अँप आणून पाहिला, त्यातही तेच. माय म्हणते पेटीत कोणी बसलं आहे.

केबल नवीन आहे. पेडल वगैरे काही नाही, बेस सरळ अँपात.

हां, आणि गाताना माईकला ओठ लागले की झिणझिण्या येतात. पण त्याची आता सवय झाली.

गेनवाला (14 डिसेंबर, रात्री 11:41)

नॉइज गेट घे भाऊ, बारीक आवाज आपोआप बंद करणारी डबी. विषय संपला.

बेसवाला_दारव्हा (14 डिसेंबर, रात्री 11:50)

मित्राचा लावून पाहिला. हात थांबला की शांत होते, सूर धरला की मागे हूं आहेच. वरून लांब सूर मधेच कापून टाकते. भीमगीतात शेवटचा सूर असा तुटला तर गायक माझ्याकडे पाहते.

मूळचा_नेरचा (15 डिसेंबर, सकाळी 7:05)

गेट म्हणजे दार लावून घेणं, कचरा घरातच राहतो. आधी कचरा कुठला ते पाहू.

क्रमाने कर आणि प्रत्येक वेळी काय ऐकू आलं ते लिही. अँपात काहीच न लावता चालू कर. मग केबल आणि बेस लाव, दोन्ही व्हॉल्यूम झिरो. झिरोवर पिकअपकडून येणारा सिग्नल ग्राउंडला जाऊन मिळतो, त्यामुळे तेव्हा जे ऐकू येईल ते अँपचं, केबलचं किंवा लाइनचं. मग दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण. मग एक पूर्ण आणि एक अर्धा. केबलचं दुसरं टोक हवेत लोंबत ठेवून टेस्ट करू नकोस, ते तसंही कोकलणारच.

चौथी टेस्ट तुझ्या बेससाठी खास आहे. जॅझ बेस 1960 चा. त्याचे दोन पिकअप सहसा एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतात आणि चुंबकही उलटे. दोन्ही सारखे उघडे असले की तारेचा आवाज एकमेकांत मिळतो आणि हम् एकमेकांना खातो. एक जरा कमी केला की हम् परत येतो. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हरने 1955 मध्ये हमबकर, म्हणजे हम् मारणारा दोन गुंडाळ्यांचा पिकअप, केला तो याच युक्तीवर. प्रिसिजन बेसला 1957 पासून जो दोन तुकड्यांचा पिकअप आहे, त्यातही हेच.

वायरमन_हिंगणघाट (15 डिसेंबर, सकाळी 8:30)

थांबा जरा. सगळ्यांनी हूं अन् टक वाचलं, शेवटची ओळ कोणीच नाही वाचली का?

माईकला ओठ लागून झिणझिण्या येतात म्हणजे तुझ्या अँपची बॉडी किंवा मिक्सरची बॉडी अर्थला नाही. बेसच्या तारा ब्रिजमधून (खालची टोकं धरणारी लोखंडी पट्टी) अँपच्या बॉडीला जोडलेल्या असतात. म्हणजे तू हातात एक वायर धरून दुसरीला ओठ लावून राहिला. आज झिणझिण्या आहेत. उद्या अँपच्या आत एखादी फेज सुटून बॉडीला लागली तर? 1972 मध्ये स्वान्सीला स्टोन द क्रोज बँडचा गिटारवाला लेस हार्वी असाच स्टेजवर गेला. एका हाताशी गिटारच्या तारा, दुसरा हात अर्थ नसलेल्या माईकला.

आवाजाचं नंतर पाहू. आधी गावातल्या चांगल्या वायरमनला बोलव आणि मीटरने तीन आकडे घ्यायला लाव: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. सॉकेटचे स्क्रू स्वतः खोलू नको. तोवर माईक घेऊन बेस वाजवायचा नाही.

डीजे_दिग्रस (15 डिसेंबर, दुपारी 1:12)

कायले एवढं टेन्शन घेऊन राहिले बाप्पा. थ्री पिनची मोठी पिन काढून टाका, हम् गायब. आम्ही 12 वर्षं असंच चालवून राहिलो, काही झालं नाही.

वायरमन_हिंगणघाट (15 डिसेंबर, दुपारी 1:40)

भाऊ, ती पिन जाड आणि लांब ठेवली आहे ती शोभेसाठी नाही. प्लग घालताना ती आधी लागावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून. हम् जाते हे खरं, कारण दोन उपकरणांच्या अर्थमधून फिरणारा लूप तुटतो. पण त्याच्यासोबत तुमचा जीव वाचवणारी वायरही तुटते. लूप तोडायचाच असेल तर ऑडिओच्या बाजूने तोडा. ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (बेस आणि मिक्सरच्या मधे लावायची डबी) घ्या, त्याच्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. 230 व्होल्टच्या बाजूला हात लावायचा नाही.

डीजे_दिग्रस (15 डिसेंबर, दुपारी 1:55)

ठीक आहे. तुम्ही मास्तर, आम्ही पोट्टे.

झाडीपट्टी_साउंड (15 डिसेंबर, रात्री 9:15)

वडसेकडे नाटकांचा सीझन सुरू आहे, म्हणून उशिरा लिहितो. आज रात्री पण जायचं आहे.

डीजे भाऊंना टोमणा नाही, पण आमच्या एका जागी एका पोराने अशीच पिन काढली होती. रात्री दव पडलं, मंडपाच्या लोखंडी खांबाला पाठ टेकवून त्याने की-बोर्डच्या स्टँडला हात लावला. वाचला, पण नाटक अर्धा तास बंद. तेव्हापासून आमच्या पेटीत 30 मिलीअँपची आरसीसीबी असते, करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. जनरेटर असो की गावची लाइन, आधी ती, मग बाकी सगळं.

पंख्याच्या करकरीबद्दल. रेग्युलेटर गोल फिरणारा, बारीक-मोठा कुठेही थांबवता येणारा आहे का? तो ट्रायॅकवाला. विजेच्या प्रत्येक लाटेचा एक तुकडा कापून देतो, म्हणून मधल्या वेगावर सर्वात जास्त बोंबलतो आणि फुल केला की गप्प. आमच्या लाइटच्या डिमरचंही तेच. रडारडीच्या सीनला अर्धा उजेड मागतात आणि नेमकं तेव्हाच स्पीकर करकरतात. कपॅसिटरवाला, टक टक टप्प्यांनी फिरणारा रेग्युलेटर लाव, करकर संपेल.

बेसवाला_दारव्हा (16 डिसेंबर, रात्री 10:02)

'टक टक' शब्द नका वापरू दादा, दचकतो.

रेग्युलेटर गोलच आहे, बदलतो. टेस्ट केल्या:

नुसता अँप: बारीक सूंऽ आणि टक आहे.
बेस झिरोवर: तेवढंच.
दोन्ही फुल: हूं आहे, पण कमी. हात लावला की अजून कमी.
एक अर्धा: हूं एकदम वाढला. म्हणजे नेरवाल्या दादांचं बरोबर.

आता आकडे. वायरमन आज आला. फेज-न्यूट्रल 212. फेज-अर्थ 90 ते 120, स्थिर राहतच नाही. आणि गंमत अशी की संध्याकाळी साडेसातनंतर तोच मीटर पुन्हा लावला तर आकडा दर सेकंदाला उडी मारतो. अँपात टक, मीटरमध्ये उडी. बरोबर ताल धरून.

फेज आणि अर्थमध्ये 100 वॅटचा बल्ब लावला तर पेटलाच नाही.

वायरमन_हिंगणघाट (16 डिसेंबर, रात्री 10:20)

बल्बची टेस्ट वायरमननेच करायची, वाचणाऱ्यांनी घरी करून पाहू नये.

म्हणजे सॉकेटमध्ये अर्थची वायर आहे, पण ती जमिनीला पोचत नाही. हवेत लटकून आहे. खड्डा पाहा. किती वर्षांचा आहे? आपल्या काळ्या मातीत हे नेहमीचं. पावसाळ्यात ओली राहते, तेव्हा अर्थ मस्त. दिवाळीनंतर सुकायला लागते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाइप मातीपासून सुटतो. मीठ-कोळसा घालून वर पाणी टाकत राहावं लागते. पण एक सेकंदाची उडी मातीमुळे नाही येणार.

खंजेरी (16 डिसेंबर, रात्री 10:31)

गुरुकुंजाकडचा आहे, खंजेरी वाजवतो. खंजेरीला वायर नाही म्हणून सुखी आहे. पण एक विचारतो. सात-साडेसातला सुरू आणि पहाटे बंद? सध्या हरभरा उभा आहे ना वावरात?

बेसवाला_दारव्हा (16 डिसेंबर, रात्री 10:33)

हो, घराच्या मागेच काकाचं वावर. हरभरा. काऊन?

खंजेरी (16 डिसेंबर, रात्री 10:35)

काकानं झटका मशीन लावली का?

बेसवाला_दारव्हा (16 डिसेंबर, रात्री 10:36)

अरे बाप रे.

मूळचा_नेरचा (16 डिसेंबर, रात्री 10:50)

खंजेरी दादा, दंडवत.

ज्यांच्याकडे रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) नाहीत त्यांच्यासाठी: झटका मशीन बॅटरीवर चालते, वरून सोलर. कुंपणाच्या तारेत साधारण सेकंदाला एक, अगदी क्षणभराचा, काही हजार व्होल्टचा ठोका सोडते. जनावराचे पाय जमिनीवर, अंग तारेला, आणि सर्किट जमिनीतून मशीनच्या अर्थ रॉडला परत जाते. म्हणजे मशीनलाही चांगली अर्थ लागते. (थेट 230 ची लाइन तारेत सोडणं वेगळं. तो गुन्हा आहे आणि त्याने माणसंही मरतात, वाघही.)

आता काकांनी मशीनची अर्थ कुठे दिली ते पाहा.

बेसवाला_दारव्हा (17 डिसेंबर, सकाळी 9:40)

पाहिली. फोटो टाकता येत नाही, सांगतो.

घराच्या मागच्या भिंतीतून अर्थची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार खाली येते, पाइपला क्लॅम्पने धरलेली. क्लॅम्पचा बोल्ट गंजून लाल भुकटी झाला आहे. बोट लावलं तर पाइपपासून सुटून हातात आला. आणि त्याच्या एक वीतभर वर, त्याच तारेला काकानं मशीनची हिरवी वायर पीळ देऊन गुंडाळली आहे, वरून प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा बांधला. काका म्हणतात, "अर्थिंग तं होतीच, दुसरी कायले गाडू?"

म्हणजे मशीनचा ठोका जमिनीत जायच्या ऐवजी आमच्या घरभर फिरून राहिला. कुकरला, मिक्सरला, अँपला.

वायरमन_हिंगणघाट (17 डिसेंबर, सकाळी 9:55)

वायर आत्ताच्या आत्ता सोड. मशीन बंद करूनच.

आणि काकांना विचार, कुंपणाचा झटका कमजोर लागतो का?

बेसवाला_दारव्हा (17 डिसेंबर, दुपारी 12:10)

तुम्हाला कसं कळलं? गेल्या आठवड्यात तीन डुकरं तार ओलांडून आली. काका दुकानदाराला शिव्या देऊन राहिले होते, मशीन बोगस दिली म्हणून.

वायरमन_हिंगणघाट (17 डिसेंबर, दुपारी 12:30)

मशीन बोगस नाही. अर्थच नाही तर झटका कुठून बसणार? तिला वेगळा रॉड द्या, घराच्या अर्थपासून किमान 10 मीटर दूर, जास्त असलं तर बरंच. ओलसर जागा पाहा, बांधाच्या कडेला पाणी मुरते तिथे. तारेला टेकलेलं गवत कापा, त्याच्यातूनही ठोका गळतो. आणि घरच्या अर्थला नवीन खड्डा, नवीन पाइप.

बेसवाला_दारव्हा (17 डिसेंबर, दुपारी 12:41)

काका विचारतात, हापशीचा पाइप चालेल का? ती तर खोल पाण्यात आहे.

वायरमन_हिंगणघाट (17 डिसेंबर, दुपारी 12:42)

नाही!! पाणी भरायला बाया येतात तिथे.

झाडीपट्टी_साउंड (17 डिसेंबर, संध्याकाळी 5:20)

काकांना स्टेजवर बोलवा, आमच्याकडे असा विनोदी पार्ट करणारा शोधून राहिले.

बेसवाला_दारव्हा (22 डिसेंबर, रात्री 9:30)

खड्डा झाला. दोन दिवस मी आणि चुलत भाऊ खणत होतो. वर काळी माती, खाली मुरूम लागला तेव्हा सब्बल टणकन वाजली. पाइप, कोळसा, मीठ, वर पाणी ओतायला विटांचा चौकोन. काकाचा रॉड बांधाच्या पलीकडे गेला. मोजलं नाही, पण चाळीस पावलं आहे.

आता फेज-अर्थ 209, न्यूट्रल-अर्थ दोनच्या आसपास. बल्ब फुल पेटतो. आरसीसीबी बसवली. माईकला ओठ लावले, काही नाही. टक बंद. माय म्हणते, गेलं का ते?

काकाने स्वतः तारेला गवताची काडी लावून पाहिली आणि हात झटकत आला. खूश आहे.

हूं मात्र अर्धाच गेला.

मूळचा_नेरचा (22 डिसेंबर, रात्री 10:15)

आता बेसचा नंबर. हात लावल्यावर कमी होतो ना? म्हणजे तुझं शरीर आजूबाजूच्या वायरिंगमधला आवाज गोळा करते आणि पिकअपला देते. तारांना हात लागला की शरीर ग्राउंड होते. त्यावर इलाज शिल्डिंग. पाठीमागची आणि पिकअपची पोकळी तांब्याच्या चिकटपट्टीने आतून मढव, ती ग्राउंडला जोड. पट्टी घेताना चिकट बाजूही वीज वाहणारी आहे का ते विचार. स्वस्तातली बहुतेक वेळा नसते. मग दोन पट्ट्या एकावर एक आल्या तिथे सोल्डरचा एक थेंब दे. शेवटी मीटर कंटिन्युइटीवर लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत पीप वाजते का पाहा. किचनमधली ॲल्युमिनियमची फॉइल नको, तिला सोल्डर धरत नाही.

हेही सांगून ठेवतो, शिल्डिंगने सगळा हम् जाणार नाही. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र तांब्याच्या पातळ पट्टीला जुमानत नाही. तो हम् दोन पिकअप सारखे ठेवून, अँपपासून दूर सरकून, नाहीतर स्वतः थोडं वळून कमी करायचा. वळत वळत एक दिशा अशी सापडते की तो बराच पडतो. स्टेजवर तीच तुझी जागा.

गेनवाला (22 डिसेंबर, रात्री 10:40)

आणि खिशातला कीपॅड फोन बाजूला ठेव. टूजीचा फोन वाजायच्या आधी बेसमध्ये टिर्र-टिर्र येते. (गेटबद्दल माघार.)

बेसवाला_दारव्हा (27 डिसेंबर, रात्री 8:48)

पट्टी यवतमाळहून आणली. पाठीमागचं झाकण उघडलं तर आत पांढरी माती, कोणाची तरी तुटलेली काडेपेटीची काडी आणि ब्रिजकडे जाणारी काळी वायर. ती ब्रिजच्या खाली नुसती दाबलेली होती, कधी टेकायची, कधी नाही. ब्लेडने ब्रिजची खालची बाजू खरवडून धातू उघडा केला, वायरची टोकं पंख्यासारखी पसरवली, ब्रिज परत कसला. मीटर आता सलग पीप बोलला.

मग सगळं मढवलं, बंद केलं, लावलं... आणि बेस मुका. एकदम मुका. हम् पण नाही, आवाज पण नाही. घरात सगळे हसले. रात्री एक वाजता सापडलं: जॅकमध्ये प्लग घातला की त्याची वाकडी पत्ती मागे सरकते आणि तांब्याला टेकते. सिग्नल सरळ ग्राउंडला. तिथे इन्सुलेशन टेप लावली.

आता दोन्ही व्हॉल्यूम फुल असले की हम् कान लावून ऐकावा लागतो. एक कमी केला की येतो, पण पूर्वीच्या मानाने काहीच नाही. रेग्युलेटर पण बदलला, 5 टप्प्यांचा.

एक गोष्ट लक्षात आली. उरलेला हम् आमच्या बाजाच्या पेटीच्या पांढरी पाचपेक्षा जरासा चढा आहे. का ते?

मूळचा_नेरचा (27 डिसेंबर, रात्री 9:10)

आपली लाइन 50 हर्ट्झ. बेसच्या सर्वात जाड तारेचा, तिसऱ्या फ्रेटवरचा जी म्हणजे पांढरी पाच, 49 हर्ट्झ. म्हणून तो तुला बेसूर तंबोऱ्यासारखा वाटतो. पांढरी पाचमधलं गाणं असलं की जास्त खुपेल.

बेसवाला_दारव्हा (27 डिसेंबर, रात्री 9:14)

आमच्या गायकाची पट्टी काळी चार आहे. वाचलो.

झाडीपट्टी_साउंड (28 डिसेंबर, पहाटे 5:40)

नाटक आत्ता सुटलं. 3 तारखेसाठी सांगून ठेवतो: शाळेतून लाइन घेताना बेसचा अँप, मिक्सर आणि की-बोर्ड एकाच बोर्डावरून घे, म्हणजे लूपचा धोका कमी. तिथली अर्थ आधी वायरमनकडून मोजून घे, घरची चांगली झाली म्हणून शाळेची असेल असं नाही. झालरीच्या लाइटची वायर वेगळ्या बाजूने ने. ऑडिओच्या वायरला ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांड, सोबत सोबत नेऊ नको. बेसची केबल 5 मीटरची पुरे, उरलेली गुंडाळी अँपवर ठेवू नको.

बेसवाला_दारव्हा (4 जानेवारी, सकाळी 10:05)

झाला कार्यक्रम. शाळेच्या सॉकेटमध्येही अर्थ नव्हती. वायरमनने तात्पुरता रॉड ठोकून आमची लाइन आरसीसीबीतून दिली. मंचाच्या डाव्या कोपऱ्यात, पिंपळाकडे तोंड केलं की हम् सर्वात कमी होता, म्हणून दोन तास पिंपळाकडे पाहून वाजवलं. लोक विचारत होते, याचं काय बिनसलं?

काका पुढच्या रांगेत होते. मधेच उठून गेले. साडेसात झाले होते, मशीन चालू करायची होती.